आधी लेन्स, मग बॉडी : पंचवीस हजारांत रोजच्या फोटोंचा कॅमेरा

"बाई, पंचवीस हजार साठलेत. कुठला कॅमेरा घेऊ?"

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता लोट्याच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. परवा तिचा फोन आला. हा प्रश्न मला वर्षातून आठ-दहा वेळा तरी येतो, कारण मी चिपळुणात शाळेत चित्रकला शिकवते आणि शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात माझ्या गळ्यात कॅमेरा असतो. प्रत्येकाला वाटतं की मी एक मॉडेल सांगेन आणि काम होईल. मी आधी उलट विचारते : फोटो कशाचे काढायचेत, आणि कुठल्या उजेडात?

हे मी पुस्तकातून शिकले नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी पेठेत शिरलं, तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या कपाटात खालच्या खणात माझा कॅमेरा आणि दोन लेन्स होत्या. पाणी ओसरल्यावर खण उघडला तर त्यात नुसता चिखल. बारा वर्षं जमवलेलं सामान गेलं. घर उभं करायचं होतं, त्यामुळे कॅमेऱ्यासाठी पैसे बाजूला पडायला डिसेंबर उजाडला आणि तेही पंचवीस हजारच. पहिल्या वेळी मी हौसेने जे मिळेल ते घेत गेले होते. दुसऱ्या वेळी एकेका रुपयाचा विचार करावा लागला. तो विचार इथे लिहिते आहे.

आधी फोनमधले वाया गेलेले फोटो बघा

दुकानात जायच्या आधी एक संध्याकाळ यासाठी द्या. गेल्या वर्षभरातले फोनमधले फोटो काढून बसा आणि जे बिघडले, तेवढेच वेगळे करा. चांगले आलेले सोडून द्या. ते फोनने काढले आहेत आणि पुढेही फोन ते काढेल.

माझ्या बिघडलेल्या फोटोंचे तीन ढीग झाले. पहिला आणि सगळ्यात मोठा ढीग घरातल्या संध्याकाळचा. आई घावणे घालते आहे, तिचा हात तव्यावर फिरतो आहे आणि फोटोत हाताच्या जागी पांढरा फराटा. भाचीचे, वर्गातले, देवघरातले फोटोही त्याच ढिगात. दुसरा ढीग स्नेहसंमेलनाचा : लांबचा रंगमंच, चेहऱ्यांचे नुसते ठिपके. तिसरा ढीग मागच्या परसातल्या तारेवर येऊन बसणाऱ्या खंड्याचा. निळा ठिपका दिसतो, पक्षी दिसत नाही.

भरदिवसा बाहेर काढलेले माझे जवळजवळ सगळे फोटो बरे होते. तुमचेही तसेच असतील आणि घरातल्या अंधुक फोटोंचं तुम्हाला फारसं दुःख नसेल, तर कॅमेरा घेऊ नका. ते पैसे फिरण्यावर खर्च करा. हे मी मनापासून सांगते, कारण मोठ्या हौसेने घेतलेले आणि सहा महिन्यांनी कपाटात गेलेले कॅमेरे मी ओळखीच्या घरांतून पाहिले आहेत.

पण पहिला ढीग मोठा असेल, तर पुढचं वाचा. त्या ढिगावरचा उपाय स्वस्त आहे आणि तो बॉडीत, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यात, नाही; लेन्समध्ये आहे.

उजेडाचा हिशेब

लेन्सवर एफ १.८, एफ ३.५–५.६ असे आकडे असतात. लेन्सचं छिद्र किती मोठं उघडतं, ते हा आकडा सांगतो. आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. उजेड मात्र या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो आणि खरी गंमत तिथे आहे.

कॅमेऱ्यासोबत येते ती १८–५५ ची किट लेन्स. हे आकडे मिलिमीटरचे; आकडा जितका मोठा, तितकं दृश्य जवळ येतं आणि फोटोत कमी जागा मावते. ती ३५ वर फिरवली की तिचं छिद्र साधारण एफ ४.५ पर्यंतच उघडतं. तिच्या जागी ३५ मिमीची एफ १.८ लेन्स लावली तर ४.५ भागिले १.८ म्हणजे अडीच आणि अडीचचा वर्ग सव्वासहा. म्हणजे त्याच स्वयंपाकघरात, त्याच दिव्याखाली, सहापट उजेड आत येतो.

आमच्या स्वयंपाकघरात एकच दिवा आहे. तिथे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६०० ठेवून किट लेन्सने शटर, म्हणजे उजेड आत येण्याचा वेळ, १/१५ सेकंद येतं. १/१५ ला आईचा हात हलतोच. ३५ च्या लेन्सने तेच शटर १/९० च्या आसपास जातं आणि हात जागच्या जागी थांबतो. बोटांवरचं पीठसुद्धा दिसतं. किट लेन्स ५५ वर ओढलेली असेल तर तिथे एफ ५.६ असतं आणि एफ १.८ शी तुलना केली तर फरक जवळजवळ दहापट पडतो.

"पण किट लेन्सवर व्हीआर लिहिलंय, आयएस लिहिलंय, त्याने फोटो हलत नाही ना?" हेही सगळे विचारतात. त्याने तुमच्या हाताचा कंप आवरतो. समोरचं माणूस हललं तर त्याला ते काही करू शकत नाही. देवळातली समई किंवा रिकामा दिवाणखाना काढायला व्हीआर उत्तम. घरात पळणारं मूल असेल तर मोठं छिद्रच हवं.

मेगापिक्सेलचा हिशेब याच्यापुढे फार छोटा आहे. ८ बाय १२ इंचांचा प्रिंट अगदी बारकाईने, इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायचा तर २४०० गुणिले ३६०० म्हणजे साडेआठ मेगापिक्सेलच्या थोडं वर लागतात. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या साध्या डीएसएलआरमध्येही (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) १८ किंवा २४ असतात. या आकड्यासाठी जास्तीचा एक रुपयाही देऊ नका.

खोलीची लांबी मोजा

आता कुठली लेन्स? इथे बहुतेक लोक एक चूक करतात. मीही पहिल्या वेळी केली होती. सगळे सांगतात, "पन्नासची एक पॉइंट आठ घे, सगळ्यात स्वस्त आणि मस्त." लेन्स मस्तच आहे. पण आपल्या बजेटमधल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे चित्र जिथे उमटतं ती चिप, पूर्ण फ्रेमपेक्षा (जुन्या ३५ मिमी फिल्मच्या आकारापेक्षा) लहान असतो, त्यामुळे दृश्य आणखी कातरलं जातं. निकॉनवर दीडपट, कॅननवर १.६ पट. कॅननवरची ५० ची लेन्स ८० सारखी दिसते.

याचा घरात अर्थ काय? कॅमेरा उभा धरून एका माणसाला डोक्यापासून पायापर्यंत, वर-खाली थोडी जागा सोडून फोटोत घ्यायचं तर कॅननवर ५० च्या लेन्सने तुम्हाला सुमारे १३ फूट मागे जावं लागतं. आमची पुढची खोली १० बाय १२ ची आहे. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले तरी भाचीचे पाय कापले जायचे. निकॉनवर ३५ च्या लेन्सला त्याच फोटोसाठी ९ फूट पुरतात. कॅननची २४ मिमी एफ २.८ ही चपटी लेन्स असेल तर साडेसहा फूट. ती उजेडात ५० पेक्षा कमी पडते, पण खोलीत मावते.

म्हणून टेप घ्या आणि ज्या खोलीत सगळ्यात जास्त फोटो निघतात ती मोजा. बारा फुटांच्या आतली असेल तर निकॉनवर ३५ मिमी एफ १.८ डीएक्स (निकॉनच्या लहान सेन्सरसाठीची), किंवा कॅननवर २४ मिमी. फक्त चेहरे आणि कंबरेपर्यंतचे फोटो काढायचे असतील, अंगण मोठं असेल, तर कॅननची ५० एसटीएम. ती १६० ग्रॅमची, खिशात मावणारी आहे आणि नवी घेतली तरी आवाक्यातली.

अजून खात्री नसेल तर कुणाचा तरी कॅमेरा आठवडाभर मागून घ्या. किट लेन्सची झूमची रिंग ३५ वर आणा, तिला कागदी चिकटपट्टी लावून टाका आणि आठवडाभर तशीच वापरा. मग दुसऱ्या आठवड्यात ५० वर. तुमचे पाय आपोआप सांगतील कुठली लेन्स तुमची आहे. मी वर्गात मुलांना कागदाची चौकट कापून डोळ्यासमोर धरायला लावते, त्यातलाच हा प्रकार.

मग बॉडी

लेन्स ठरली की बॉडी अर्धी ठरतेच. पंचवीस हजारांत मी जुनीच बॉडी घ्या म्हणेन. नव्याचा हट्ट धरलात तर वेगळ्या लेन्ससाठी पैसेच उरत नाहीत आणि स्वयंपाकघरातला अंधार तसाच राहतो.

मी घेतली निकॉन डी३३००. २०१४ सालची, २४ मेगापिक्सेल, बॅटरी आणि कार्डासकट ४६० ग्रॅम. एका चार्जवर कंपनीच्या मोजणीने ७०० फोटो, म्हणजे माझं अख्खं स्नेहसंमेलन. तिच्यानंतर आलेल्या डी३४०० आणि डी३५०० मधून सेन्सरवरची धूळ आपोआप झटकण्याची सोय काढून टाकली, बाहेरचा माइक लावायची जागाही काढली. इथे नंतरची म्हणजे चांगली असं झालेलं नाही. डी५३०० मिळाली तर तिला बाहेर वळणारा स्क्रीन आहे. जमिनीवर बसून रांगोळी काढणाऱ्या मुलींचे फोटो घेताना मला तो फार आठवतो.

निकॉन घेताना दोन खड्डे आहेत. पहिला : डी३००० आणि डी५००० या मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुनी ५० मिमी एफ १.८डी लेन्स स्वस्तात दिसते, पण या बॉड्यांवर ती आपोआप फोकस करत नाही. लेन्सवर एएफ-एस लिहिलेलं बघूनच घ्या. डी९०, डी७००० सारख्या वरच्या बॉडीत मोटर असते, तिथे ती चालते. दुसरा खड्डा नव्या एएफ-पी लेन्सचा. त्या डी३१००, डी३२००, डी५१०० आणि डी७००० वर फोकसच करत नाहीत. डी३३०० वर चालतात, पण फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत असावं लागतं.

कॅननमध्ये १२००डी, १३००डी, १५००डी हे सगळे साधे, भरवशाचे. व्हिडिओही काढायचा असेल तर २००डी शोधा. ती २०१७ ची आहे आणि स्क्रीनवरून फोकस धरण्यात या यादीतल्या इतर डीएसएलआरपेक्षा फार पुढे आहे. धावणाऱ्या मुलाचा व्हिडिओ घेतलात की हे लगेच कळतं. किंमत मात्र थोडी चढी असते. ३०००डी नको. तिचं लेन्स बसवायचं कडं प्लास्टिकचं आहे आणि व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) आपल्या नजरेला जुळवून घेण्याचं चाकच नाही. चष्मा काढून कॅमेऱ्याला डोळा लावणाऱ्या माणसाला त्यात सगळं धूसर दिसणार. माझा नंबर उणे तीन आहे, म्हणून ही गोष्ट मला मोठी वाटते.

सोनी ए६००० बद्दलही विचारणा होते. ही आरसा नसलेली, ३४४ ग्रॅमची, पर्समध्ये मावणारी. कॅमेरा रोज ऑफिसला, लोकलमध्ये सोबत न्यायचा असेल तर तीच घ्या, कारण जड कॅमेरा घरी राहतो. पण बॅटरी तीन-साडेतीनशे फोटोंत संपते आणि आपोआप फोकस करणाऱ्या चांगल्या लेन्स महाग आहेत. हाताने फोकस करायची तयारी असेल तर चिनी बनावटीच्या ३५ आणि २५ मिमीच्या मोठ्या छिद्राच्या लेन्स स्वस्तात मिळतात. फोकस जिथे बसलाय तिथे स्क्रीनवर रंगीत कडा दिसते, त्यामुळे ते जमतं. तरी लहान मुलांच्या मागे हाताने फोकस करत फिरणं मला जमलं नसतं.

छोट्या सेन्सरचे जुने खिशातले डिजिटल कॅमेरे कमी पैशांत मिळतात. रोजच्या फोटोंसाठी ते आजच्या फोनच्या पुढे जात नाहीत.

बोराबाजारातला दिवस

डिसेंबर २०२१ मध्ये डोंबिवलीला बहिणीकडे मुक्काम केला आणि सकाळच्या लोकलने सीएसएमटी गाठलं. स्टेशनच्या समोर फोर्टमध्ये बोराबाजाराची गल्ली आहे. तिथे कॅमेऱ्यांची, लेन्सची, फ्लॅशची, बॅगांची दुकानं एकाला एक लागून आहेत. जुनं सामान घ्यायचं तर अशा ठिकाणी जावं, कारण एकच मॉडेल चार दुकानांत हातात घेऊन बघता येतं.

माझ्या पिशवीत पाच गोष्टी होत्या : स्वतःचं एसडी कार्ड, छोटी टॉर्च, वर्तमानपत्राचं एक पान, चिकटपट्टी आणि बहिणीचा लॅपटॉप. कागदावर चार आकडे लिहून नेले होते. कुठल्याही वस्तूला त्या आकड्याच्या वर जायचं नाही, असं बहिणीला सांगून ठेवलं होतं.

लेन्स बघताना सगळ्यात आधी बुरशी. आपल्या कोकण-मुंबईच्या हवेत ही पहिली भीती. निकॉनची लेन्स कॅमेऱ्यावरून काढली की तिचं छिद्र बारीक मिटलेलं असतं आणि आतलं काही दिसत नाही. लेन्सच्या मागे धातूचा एक बारीक दांडा असतो. तो नखाने हळूच सरकवून धरला की पाती उघडतात. मग मागून टॉर्च तिरकी मारायची आणि पुढून बघायचं. कॅननच्या लेन्सची पाती काढल्यावर उघडीच राहतात, तिथे हा उपद्व्याप नाही.

आत धुळीचे चार-दोन कण दिसले तर घाबरू नका, ते फोटोत येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू किंवा फांद्या फुटल्यासारखी नक्षी दिसली तर ती बुरशी. दूध पुसल्यासारखा पातळ पडदा दिसला तर तीही लेन्स परत द्या. एका दुकानात मला ३५ ची लेन्स बाकीच्यांपेक्षा दीड हजाराने स्वस्त मिळत होती. "मॅडम, थोडी डस्ट आहे, क्लीन करून देतो," म्हणाले. टॉर्च मारली तर कडेला ते तंतू. बुरशी साफ करता येते, पण तिने काचेवरचा लेप खाल्लेला असेल तर तो डाग जात नाही. शिवाय चिपळूणच्या पावसाळ्यात ती पुन्हा डोकं वर काढणार. मी नको म्हणून उठले.

पात्यांवर तेलाचा चमकदार ओघळ नसावा. दांडा सोडला की पाती टपकन मिटायला हवीत. रेंगाळली तर फोटो कधी उजळ, कधी काळपट येतील.

मग वर्तमानपत्र. दुकानाच्या भिंतीला पान सपाट चिकटवलं, समोर अगदी सरळ उभी राहिले, पूर्ण उघड्या छिद्राने एक फोटो आणि एफ ५.६ वर एक. लॅपटॉपवर चारही कोपरे मोठे करून बघितले. सगळे कोपरे सारखेच किंचित मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव आहे. एकच बाजू धूसर आणि दुसरी धारदार असेल तर लेन्स कधीतरी पडली आहे आणि आतली काच जागेवरून हलली आहे. अशी लेन्स फुकट दिली तरी नको.

बॉडीची तपासणी लेन्सइतकी नाजूक नाही, पण क्रम ठेवा. पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ २२ ला, मुद्दाम फोकस घालवून काढा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ, ती साफ होते. रेघ दिसली तर सोडून द्या. टोपण लावून एक काळा फोटो काढा आणि त्यात लाल-पांढरे टिपके चमकतात का ते बघा.

त्यानंतरची चाचणी फार कमी लोक करतात. त्याच पानाचा एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून काढा आणि एक मागच्या स्क्रीनवरून, लाइव्ह व्ह्यूने. दुसरा धारदार आणि पहिला मऊ आला, आणि चार वेळा तसंच झालं, तर त्या बॉडीचं आणि लेन्सचं फोकस जुळत नाही. डी३३०० मध्ये ते मेन्यूतून सुधारण्याची सोय नाही. मला पहिल्या दुकानातली बॉडी याच कारणाने सोडावी लागली, बाहेरून ती नवीकोरी दिसत असतानाही.

शटर किती वेळा उडालं आहे तेही बघा. निकॉनच्या फोटो फाइलमध्ये तो आकडा दडलेला असतो. माहिती दाखवणाऱ्या कुठल्याही फुकट सॉफ्टवेअरमध्ये शेवटचा फोटो उघडला की दिसतो. या वर्गातल्या निकॉनचं शटर एक लाख वेळा तपासलेलं असतं. मी घेतलेल्या बॉडीचा आकडा ३१ हजारांच्या आसपास होता. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत फोटोतून हा आकडा मिळत नाही. तिथे पकडीचं रबर, बटणांवरची अक्षरं, लेन्सच्या कड्यावरची झीज बघून अंदाज करावा लागतो.

बॉडीच्या तळाशी असलेला सिरीयल नंबर आणि बिलावरचा नंबर एकच आहे ना, ते तपासा. मूळ बिल नसेल तर दुकानदाराकडून नंबर लिहिलेलं पक्कं बिल आणि निदान पंधरा दिवस परत घेण्याची लेखी हमी मागा. माझ्या दुकानदाराने महिनाभराची दिली. ऑनलाइन जाहिरातीवरून घेणार असाल तर दिवसा, चारचौघांत भेटा, आणि कार्ड, टॉर्च, वर्तमानपत्र तिथेही न्या. आगाऊ पैसे पाठवू नका.

पंचवीस हजार कुठे गेले

बॉडी आणि १८–५५ मिळून १४,५००. ३५ मिमी एफ १.८ जुनी, लेन्सच्या तोंडाला लावायच्या हुडासकट, ७,८००. जास्तीची बॅटरी ९००. ३२ जीबीची दोन कार्डं ८००. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारा छोटा मीटर ७००. धूळ उडवायचा रबरी फुगा २५०. एकूण २४,९५०. हे त्या वेळचे भाव आहेत, आज वर-खाली होतील, पण वाटणी मी आजही हीच ठेवीन.

यूव्ही फिल्टर (लेन्सपुढे लावायची संरक्षक काच) घेतला नाही. हुड पुरतो. तो पावसाचा शिंतोडा अडवतो, बाजूचा उजेड अडवतो आणि लेन्स कुठे आपटली तर मार स्वतः खातो. स्वस्त फिल्टरची काच मात्र समईच्या ज्योतीचं दुसरं भूत फोटोत आणते. बॅगही घेतली नाही. आईच्या जुन्या गोधडीचा तुकडा शिवून साध्या पिशवीला अस्तर केलं.

खंड्यासाठी लांबची लेन्स पहिल्याच दिवशी घ्यावी असं फार वाटत होतं. हिशेब केला. खंड्या असतो सुमारे २८ सेंटिमीटरचा आणि तार आमच्या मागच्या दारापासून दहा मीटरवर. ३५ च्या लेन्सने सेन्सरवर तो एक मिलिमीटर उमटतो, २०० च्या लेन्सने साडेपाच, म्हणजे फ्रेमच्या उंचीचा तिसरा भाग. लेन्स हवी होतीच. पण पहिला ढीग मोठा होता, म्हणून ती दोन वर्षं थांबली. मग निकॉनची ५५–२०० व्हीआर जुनी घेतली आणि शिमग्यात पालखी नाचवणाऱ्या माणसांचे चेहरे गर्दीच्या बाहेर राहून मिळाले. कॅननवाल्यांनी या कामासाठी ५५–२५० एसटीएम शोधावी. कमी पैशांतली ती फार सरस लेन्स आहे. स्नेहसंमेलनाच्या अंधाऱ्या रंगमंचासाठी मात्र या स्वस्त लांब लेन्स उपयोगाच्या नाहीत. तिथे मी ३५ लावून पहिल्या रांगेपुढे जमिनीवर बसते.

कॅमेरा घरी आला की मी निकॉनवर ३५ ची लेन्स लावून एकदाच एवढं करून ठेवलं : ए मोड (छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), छिद्र एफ २ ते २.८, आयएसओ ऑटो, त्याची कमाल मर्यादा ३२००, किमान शटर १/१२५. नंतर हात लावायची गरज फारशी पडत नाही.

पावसाळ्याचा डबा

हा भाग वगळू नका, विशेषतः घाटाखाली राहणाऱ्यांनी. कॅमेरा मखमली अस्तराच्या किंवा चामड्याच्या बॅगेत, लोखंडी कपाटात ठेवायचा नाही. कापड आणि चामडं ओल धरून ठेवतं. जून ते सप्टेंबर बुरशीला एवढं पुरतं.

स्वयंपाकघरात धान्याला वापरतो तसा चार कड्यांच्या झाकणाचा, रबराची पट्टी असलेला हवाबंद डबा घ्या. तळाशी अर्धा किलो सिलिका जेल सुती पिशवीत, वर कॅमेरा आणि लेन्स, कोपऱ्यात मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये हवा. ३० च्या खाली फार दिवस राहू देऊ नका, रबर आणि आतलं वंगण सुकतं. सिलिका जेल नारिंगी रंगाची घ्या, ओल प्यायली की ती हिरवट होते. निळी मिळते, पण तिच्यातलं कोबाल्ट चांगलं नाही आणि ती आपण घरात तापवणार आहोत. तांदूळ घालू नका. तो ओल ओढत नाही म्हणावा इतकी कमी ओढतो आणि त्याचा भुसा लेन्सच्या रिंगेत जातो.

आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढा, झूम फिरवा, दहा फोटो काढा. एसीतून एकदम बाहेर आलात तर अर्धा तास पिशवीतच राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं. कधी भिजलाच तर चालू करून बघायचा मोह आवरा. आधी बॅटरी काढा, मग कार्ड, मग पंख्याखाली दोन दिवस.

माझा डबा आता माळ्यावर आहे, पुराच्या खुणेच्या दोन हात वर. भर आषाढात दर बारा-पंधरा दिवसांनी काटा ५५ कडे सरकतो. मग दाण्यांची पिशवी उतरवते आणि फक्त त्याच कामाला ठेवलेल्या जुन्या कढईत, मंद आचेवर, खिडकी उघडी ठेवून दाणे पुन्हा नारिंगी होईपर्यंत परतते. अर्धा तास लागतो. पूर्ण गार झाले की लगेच डब्यात, आणि झाकणाच्या चारही कड्या लावून.